१४२२ साल आणि माझी साठ दिवसांची लीव्ह

१ ऑगस्ट, शुक्रवार. गुदैबिया, बहरीन.
आजपासून रोजनिशी. नियमित. (ठरलं कालच होतं, पण काल थकलो होतो.)

आईनं नवा उद्योग काढलाय. रिटायर्ड इतिहासाच्या बाई, वय एकोणऐंशी, रोह्याला निवेदिताताईकडे असते. एकच साल घ्यायचं, १४२२, आणि तीन रकाने भरायचे: घटना, जन्म, मृत्यू. बहमनी बाजू तिची. युरोप माझा, कारण इंटरनेट माझ्याकडे. दिवाळीत मी गेलो की दोन्ही वह्या जोडायच्या.

दोन वर्षं एकही सुट्टी घेतलेली नाही. ऑक्टोबरात सलग साठ दिवस! असं प्लॅनिंग सलमाबादच्या आख्ख्या गोदामात कुणाचं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार
युरोप सुरू. फ्रान्सचा राजा चार्ल्स १४२२मध्ये वारला. डोक्यावर परिणाम. आपण काचेचे आहोत असं वाटायचं, बायकोलाही ओळखायचा नाही. आईला फोनवर सांगितलं. खूप हसलो दोघं. आई म्हणाली, त्याला वेड कशाला लागतंय, तुझे वडील शुद्धीत असून बाजारात ओळख दाखवत नसत.

मग विचारलं, युरोप सुरू केलास का? एवढं सगळं बोलून झाल्यावर. वयाचं आहे, चालायचंच.

२१ ऑगस्ट, गुरुवार
ताईचा फोन. म्हणे आई चहात मीठ घालते, काल स्वतःच्याच शाळेचा रस्ता चुकली, चार दिवस तरी येऊन जा. ताई पहिल्यापासून घाबरट. चार दिवस घेतले तर साठाचे छप्पन्न होतात, हे तिला कळत नाही.

गोदामातला खिजर, राजापूरचा, अम्मीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पाच दिवस जाऊन आला. लीव्ह वाया घालवलीस, म्हटलं. तो म्हणाला, सलीलभाय, अम्मी खाटेवरनं शिव्या देत होती, ऐकून बरं वाटलं. प्लॅनिंग शून्य.

३१ ऑगस्ट, रविवार
आज पाचव्या हेन्रीची पुण्यतिथी. इंग्लंडचा राजा. करार असा की चार्ल्स मेला की फ्रान्सची गादी याला. आणि हाच एकावन्न दिवस आधी गेला! थोडक्यात हुकलं. मीही बरोबर एकावन्न दिवसांनी घरी पोचतोय. पण मी ठणठणीत आहे.

आईला हे सांगायला फोन केला. मला बंडूमामा समजून बोलत राहिली. मामा जाऊन बारा वर्षं झाली. नेटवर्क खराब होतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी
खिजर घरी आला. म्हणाला, यल्ला, निघ, अम्मीला भेटून ये, गोदाम मी बघतो. तिकीटही शोधून आणलं होतं. जवळजवळ हो म्हणालो. मग बॅलन्स पाहिला. आणखी सव्वीस दिवसांत पूर्ण साठ. इतकं थांबलो, आता कशाला मोडायचं?

संकल्प: आईला रोज फोन. (आजचा उद्या.)
युरोप पूर्ण. वहीला प्लास्टिकचं कव्हर घातलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार
लीव्ह अप्रूव्ह. साठच्या साठ! एचआरवाली म्हणाली, यंदा इतकी सलग कुणीच घेतलेली नाही. अभिमान वाटला. ताईला मेसेज केला. तिनं नुसता अंगठा पाठवला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. रोहा.
पोचलो. आई ओटीवर वही घेऊन बसली होती. पाया पडलो. म्हणाली, बसा.

बसा. मला.

ताईनं सांगितलं, अगं, सलील आलाय. आई हसली. मला म्हणाली, सलील बहरीनला असतो, दिवाळीला येणार आहे, चांगला दोन महिने. युरोप त्याच्याकडे आहे.

मी माझी वही पुढे केली. तिनं चष्मा लावला, पानं उलटली, चार्ल्सवर बोट ठेवलं आणि मला समजावून सांगू लागली. राजा होता, पण आपल्या माणसांना ओळखायचा नाही. तारखेसकट सांगितलं. एक अक्षर चुकलं नाही.

हसायला गेलो आणि रडायलाच लागलो. आवरेना. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, अहो, सहाशे वर्षं झाली त्याला.

मग ताईला पाहुण्यांसाठी फराळ आणायला सांगितलं. दोन्ही वह्या उशाशी ठेवल्या. सलील आला की जोडू, म्हणाली.

लीव्हचे एकोणसाठ दिवस शिल्लक आहेत.