आईने भरलेल्या कांड्या

चि. अंकुश,
तुला आणि घरच्यांना ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. वैभव म्हणतो, "आई, घरी एकटी बसू नकोस." रोज सकाळी बसमध्ये बसवून देतो. एखादे जुने इंग्रजी गाव पाहून संध्याकाळी परत येते. दगडी घरे, चर्च, पांचट चहा. थंडी सोसते, काळजी नको. तुझ्या रोशनीची परीक्षा कशी झाली? बीपीची गोळी चुकवू नकोस.

कालचे गाव विणकरांचे होते. एका घरात हातमाग जपून ठेवला आहे, शेजारी चरखा आणि सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या. मी विचार न करता बसले आणि कांडी भरू लागले. तिथली म्हातारी धावत आली, "हात लावायचा नाही!" मग माझे हात पाहून थांबली. म्हणाली, "हे कोणी शिकवलं?"

आईने शिकवले होते. आईला जाऊन सोळा दिवस झाले. पहिल्यांदा रडले ती परक्या बाईसमोर.

तू फोनवर म्हणालास, "आता येऊन का करशील वं ताई? सगळं आटोपलं." मी तुझे ऐकले, ते चुकले. पंधरा तारखेला नागपूरला उतरले की तशीच उमरेडची एस.टी. धरीन.

घरच्या मागावरचे अर्धे लुगडे पुरे कर. पण आईने भरलेली एक कांडी माझ्यासाठी ठेव. सूत उलगडू नकोस. तिने गुंडाळले तसेच राहू दे.

तुझी,
ताई