आई राहते कुठल्या राज्यात?

प्रिय दादास,

हे पत्र टाकणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवेना! चार दिवस म्हणून विसरभोळ्या आईला तुझ्या राज्यात नेलंस आणि तिचं कायदेशीर पालकत्व मिळवायला तिथल्याच कोर्टात अर्ज ठोकलास. कारण काय, तर मी तिच्यावर ओरडते.

आज न्यायाधीशांनी तिलाच विचारलं, "आजी, घर कुठं तुमचं?"

"मुलगी ओरडते तिथं. इथं सगळे गोड बोलतात, पाहुणी आहे ना मी!"

झालं! घर माझ्याकडचं, म्हणून अर्जही आता माझ्या राज्यातल्या कोर्टात चालणार.

गाडीत बसल्यावर आई मला म्हणाली, "बाई, आपण कोण?"

मी सवयीनं खेकसले, "आधी पट्टा लाव!"

"अगंबाई, तूच होय!"

तुझी,
तोंडाळ धाकटी