तीन शून्यांचा लेख आणि बाकीच्यांचं गाठोडं

आदरणीय (आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत तर परमपूज्य) भावजींना,

धाकट्या मेहुणीचा चष्म्याच्या दुकानातून वाकून नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? ताई म्हणत होती, दिवसभर खुर्चीत बसून लोकांना सूचना दिल्यामुळे आखडते. जपा. आम्ही मजेत. शनिवारी दुकान माझ्या हवाली करून निवृत्त व्हायचं म्हणून बाबा सध्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे डोळे दोनदा तपासतात. फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही बोलता, म्हणून.

विषय बाबांना शनिवारी द्यायच्या पुस्तिकेचा. गिऱ्हाइकांनी आणि घरच्यांनी लिहिलेल्या आठवणी दुकानाच्या कॉम्प्युटरवर, आणि छापणारा तुमचा मित्र तुमच्या गावात. मी बापडी म्हणाले, पेनड्राइव्हवर घालून पाठवते. त्यावर तुम्ही असे हसलात, जसं काही मी कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधणार होते. मग तुम्ही सुट्टीत येऊन (आमचा चांगला चालणारा कॉम्प्युटर सुधारून) बसवून गेलात ती हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडायला लावलीत. चित्र नाही, बटण नाही, नुसतं एक लुकलुकणारं चौकोनी टिंब. मी विचारलं, काही चुकलं तर ती 'नक्की ना?' असं विचारेल ना? तुम्ही म्हणालात, "ती विचारत नाही. ती माणसाला शहाणं समजते." एवढा मान मला सासरीही मिळाला नव्हता.

या खिडकीची पहिली ओळख तुम्हीच मागच्या महिन्यात करून दिलीत, आठवतं? पुस्तिकेसाठी जुन्या फोटोंचं दाबून बांधलेलं गाठोडं पाठवलंत आणि ते सोडायची ओळ सांगितलीत. मी सोडलं. कुठे? तर जिथे गिऱ्हाइकांच्या नंबरांच्या फायली होत्या तिथेच. क्षणात चारशे फोटो त्यांच्यात मिसळले. "अगं, आधी नवा फोल्डर करायचा असतो, हे काय सांगायला हवं?" हे तुम्ही नंतर सांगितलंत. दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर आपला नंबर विचारायला आले आणि मी त्यांची फाइल उघडायला गेले तर तिच्याखालचीच उघडली आणि पडद्यावर तुम्ही, पोहण्याच्या तलावाच्या काठी, अंगावर जेमतेम टॉवेल. डॉक्टर भला माणूस, त्यांनी लगेच नजर वळवली, पण नंबर वाढलेला निघाला.

तर आता या वेळचं. लेख कुणाचा आधी यावरून रुसवेफुगवे नकोत म्हणून बाबांनीच नियम केला होता, फायलींच्या नावांचा कॉम्प्युटर लावेल तो क्रम. हे कळल्यावर तुम्ही आपल्या लेखाच्या नावापुढे तीन शून्यं लावलीत. (आत्याबाई बिचाऱ्या 'अ' वर खूश होत्या.) मग सगळ्या लेखांचं एकच गाठोडं बांधायचं म्हणून तुम्ही फोनवर ती ओळ सांगायला लागलात. एका कानाला मी आणि दुसऱ्या कानाला तुमची ऑफिसची मीटिंग. तुम्ही टी, ए, आर म्हणालात, मी लिहिलं. सी, झेड, एफ म्हणालात, लिहिलं. मग म्हणालात, "आणि चांदणी, म्हणजे सगळ्या फायली." चांदणी (*) लिहिली. बाबा मागेच उभे होते. अर्थ नसलेली अक्षरं एका ओळीत दिसली की ते आपोआप तपासणीला लागतात. एक डोळा झाकून त्यांनी अख्खी ओळ स्पीकरवर खणखणीत वाचून दाखवली, आणि तुम्ही म्हणालात, "एकदम बरोबर. दाब एंटर." साक्षीदार आहे, म्हणून सांगून ठेवते.

खिडकी गप्प. तुम्ही म्हणालात, गप्प म्हणजे झालं. (आमच्याकडे माणूस गप्प बसला तर काहीतरी बिनसलं असं समजतात.) मग गाठोडं तुमच्याकडे ढकलायची दुसरी ओळ दिली, तर खिडकी पहिल्यांदाच बोलली, असं गाठोडंच नाही म्हणे. तुमची मीटिंग संपली नव्हती, तुम्ही "बघ, असेल तिथेच" म्हणून फोन ठेवलात. मी शोधशोध शोधलं. सगळे लेख जागच्या जागी होते, फक्त तुमच्या लेखाने एकाएकी भलतंच बाळसं धरलं होतं. मला वाटलं, तुम्ही रात्रीतून आणखी पानं घातलीत, तुमचं काही सांगता येत नाही. उघडला, तर नुसता अक्षरांचा चिखल.

शेवटी, माझ्या वाढदिवसाला साडीऐवजी तुम्ही दिलेला तो कमांडांचा जाडजूड ग्रंथ (दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून वापरते, फार उपयोगी) काढला. त्यात स्वच्छ लिहिलंय, की एफ नंतर पहिलं जे नाव येईल ते गाठोड्याचं. तुम्ही गाठोड्याला नाव सांगितलंच नाहीत. मग खिडकीने चांदणीतलं पहिलं नाव उचललं. आणि पहिला कोण होता? तीन शून्यं! तुमचा लेख रिकामा करून त्याचंच पोतं केलं, आणि त्यात आत्याबाईंसकट झाडून सगळ्यांना कोंबलं. सगळ्यांचे लेख शाबूत आहेत. गेला तो फक्त तुमचा. पहिला नंबर लागला खरा.

तुमची एकवीस पानं मी शुद्धलेखनासाठी वाचली होती. त्यातली वीस तुमच्या बढत्यांवर होती, तेव्हा जगाचं नुकसान बेताचंच आहे. पण बाबा रोज विचारायचे, "जावयांचा लेख आला का?" आला म्हटलं की म्हणायचे, "मला आत्ता दाखवू नकोस, छापलेलाच वाचेन." काल त्यांना सांगितलं. ते चष्मा काढून पुसत बसले, आणि भावजी, तो चष्मा स्वच्छच होता. मला फार वाईट वाटलं.

बाकीचे लेख पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह चष्म्याच्या डबीत, डबी आणि हे पत्र दातांच्या डॉक्टरांच्या हाती पाठवते आहे. ते तुमच्याच गावी निघालेत. तुम्हाला चेहऱ्याने ओळखतील याची खात्री नाही, पण ओळखतील.

तुमची आज्ञाधारक (आज्ञा पाळली म्हणूनच हे झालं),
धाकटी

ता. क. लेख पुन्हा लिहा. गुरुवारपर्यंत, दोन पानं. एकोणिसाव्या पानावरच्या त्या चार ओळी आठवा. तुम्ही ताईला बघायला पहिल्यांदा आलात, भिंतीवरचं घड्याळ डोळे बारीक करून पाहत होतात, आणि बाबांनी चहाआधी तुम्हाला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. त्या जड फ्रेममधून तुम्हाला ताई पहिल्यांदा नीट दिसली. तेवढंच लिहा. बाबांना तेच वाचायचंय, फक्त त्यांना ते माहीत नाही.

ता. क. २ : शून्यं लावू नका.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात ताईचा फोन आला. तुमची एकवीस पानं तिच्या मेलमध्ये सुखरूप आहेत, तुम्हीच वाचायला पाठवली होतीत (तीनदा). पाठवू का, म्हणाली. मी म्हटलं, आधी दोन पानं येऊ देत. तिला ते पटलं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत आली नाहीत, तर ती मेल पुसून टाकणार आहे, आणि तुम्हाला 'नक्की ना?' असं विचारणार नाही म्हणते. ती तुम्हाला शहाणं समजते.