बुरुजावरचं उसनं आभाळ

जुने शहर, अकोला

अहो, ऐकता ना?

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. पिंडाला कावळा लगेच शिवला म्हणे. तुमची काही इच्छा मागे राहिली नाही, असं सगळे म्हणाले. माझी राहिली आहे! जळते आहे नुसती, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या धाकट्या भावाने, तुम्हीच हाताला धरून फोटोग्राफी शिकवलेल्या दिगंबर भाऊजींनी, आज आपल्या फोटोच्या दुकानात तुम्ही काढलेला बाळापूरच्या किल्ल्याचा फोटो टांगला. खाली तुमचं नाव आणि वर ढग! काळेभोर, रुपेरी काठाचे. लोक म्हणतात, "वा, काय आभाळ!" अहो, ते ढग चिखलदऱ्याचे आहेत. त्याच ढगांखाली भाऊजींनी अमरावतीचा परकोटही छापून विकला आहे.

तुम्ही असं कधी केलं नाही. काचेच्या प्लेटवर निळं आभाळ उतरत नाही, कागदावर कोरं पांढरं येतं. म्हणून बाकीचे ढगांची एकच प्लेट जन्मभर पुरवतात. तुम्ही मात्र खऱ्या ढगांची वाट पाहायचात. छकड्याने बाळापूरला जायचं, दिवसभर नदीकाठी बसायचं आणि कॅमेऱ्याची पेटी न उघडता परत यायचं! "उनात किल्ला नुसता ठोकळा दिसते. ढगाची सावली पडली का त्याले चेहरा येते."

आणि माझा चेहरा? लग्न झाल्यापासून एक फोटो मागत होते. "कडक उनात माणूस रागीट दिसते. मऊ उजेड येऊ दे." किती हो वाट पाहायला लावलीत!

शेवटी गेल्या वर्षी चैत्रात किल्ल्याच्या बुरुजावर चढून मीच ओरडले, "दिसू द्या रागीट! मी आहोच रागीट!" तुम्ही खाली पोट धरून हसलात, आणि ढगाचा पत्ता नसताना भर उन्हात प्लेट लावलीत. खाली तट, वर कोरं आभाळ आणि त्यात मी एकटी. माझा जन्मातला एकच फोटो! तो छापायच्या आधीच तापाने तुम्हाला नेलं. एवढी कसली घाई होती?

दुकानातला फोटो त्याच प्लेटवरून छापलेला, पण त्यात मी नाही. ढग छापायचे तर आधी काचेच्या पाठीवर काळा रंग फासून आभाळ झाकतात, आणि कागदावर कोऱ्या राहिलेल्या त्या जागी ढगांची प्लेट छापतात. भाऊजींनी तटाच्या कडेने सरळ कुंचला ओढला, त्याखाली मीही गेले. विचारलं, "भाऊजी, मी कुठं गेले?" तर म्हणतात, "वैनी, थे तुमी होत्या? मले डाग वाटला! डाग काहून ठेवू?"

डाग! मेलं, तुमचाही राग येतो. त्यांना सगळं शिकवलंत, पण काच उजेडाला धरून आधी नीट पाहावी, एवढं सांगितलं नाहीत?

ती प्लेट मी पदराखाली लपवून घरी आणली आहे. रंग ओल्या कापसाने निघतो. गच्चीवर तुमच्याबरोबर उन्हात प्रिंट काढताना एवढं तर मी शिकले. उद्या ऊन चढलं की काच धुऊन मीच छापीन, आणि ते ढग उतरवून त्याच खिळ्याला हा फोटो टांगीन. वचन देते. मग भाऊजी खुशाल म्हणोत, आभाळ रिकामं दिसते. सांगीन, रिकामं कुठं आहे? मी उभी आहो ना तिथं!

तुमची रागीट,
गोदा