शिरीषचा हिरवा चहा

रविवार, पासिर रिस

शिरीष माझ्याशी खोटं बोलतोय का? पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दुखण्यावर ट्रॅमाडॉल ही गोळी दिली होती. गोळीने पोट साफ होईना, सारखी झापड येई, म्हणून त्याने ती सोडली आणि सीमेपलीकडच्या मलेशियातल्या जोहोरहून आणलेला हिरवा चहा सुरू केला. पण पोट अजूनही साफ होत नाही. काल चहा चुकला, तर घामाने डबडबला आणि माझ्यावर खेकसला. चहावाचून असा घाम येतो कुणाला?

आज सरळ विचारलं.

"क्रॅटम आहे," म्हणाला. "झाडाचा पाला गं. गोळीसारखी सवय नाही लागत."

पुण्याला ताईला फोन लावला. ती फार्मासिस्ट आहे. म्हणाली, "अफूसारख्या गोळ्या मेंदूत जिथे काम करतात, तिथेच हाही करतो. गोळीत मात्रा तरी ठाऊक असते. हा सोडतानाही त्रास होईल, डॉक्टरांना सांगा."

इथे सिंगापुरात क्रॅटम बाळगणं गुन्हा आहे. दोघांचे इथे राहण्या-कामाचे पास जातील, ही भीती वेगळीच. तरी मी पुडी कमोडमध्ये ओतली आणि उद्या डॉक्टरांकडे जायचं म्हटलं. तो "बरं" म्हणाला.

मग दारात उभा राहून त्याने हळूच विचारलं, "सगळी ओतलीस?"