सासूबाईंची दुपारची जागा

गुरुवार, २७ मे १९८२

फरशीवर बसवायच्या विनाइलचा तो हिरवा नमुन्याचा तुकडा अजून ओट्याखालीच पडलाय. सीताबर्डीच्या दुकानात हात लावला तर कसा गार लागला होता! स्वयंपाकघराला आणि न्हाणीघराला तोच सांगून आले. दुकानात कूलर चालू होता, हे डोक्यातच आलं नाही. अकरा वर्षं ही खडबडीत शहाबादी घासतेय मी. एवढी हौसही करू नये का?

पण नवतपा लागलाय, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. जेवणं झाली की सासूबाई स्वयंपाकघराची फरशी ओल्या फडक्यानं पुसतात आणि तिथंच, उघड्या फरशीवर निजतात. आज त्यांनी तो तुकडा गालाला लावून पाहिला.

"गरम लागते वं हे," म्हणाल्या. "पण तुले आवडलं नं? मंग टाक. मी निजत जाईन वसरीत."

रागावल्या असत्या तर मीही भांडले असते. उद्या सकाळी माप घ्यायला माणूस येणार. न्हाणीघरापुरतंच सांगू? मघाशी तुकडा पुन्हा हातात घेतला. कोमटच.

वसरीच्या छपराला टिनं आहेत. दुपारी त्या टिनांखाली मांजरसुद्धा थांबत नाही. हे त्यांना ठाऊक आहे. मलाही.