थांबा झेलिपा-अजून-एक

चिपाटा,
ऑक्टोबर, ऊन फार

माननीय म्वापेभाऊ,

कासामात सगळे खुशाल असाल. तुमचा गुडघा आता वाकतो का आणि वहिनींचा खोकला गेला का, ते कळवावं. तिकडच्या रानातली माकडं खाऊन संपली असतील तर तेही कळवावं, इकडून सुकवलेले उंदीर पाठवता येतील. (हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. आपल्या दोन जमातींचं थट्टेचं नातं, म्हणून तुमच्यासारख्या बेम्बा माणसाशी बोलताना माझ्यासारख्या एन्गोनी माणसानं आधी टोमणा मारायचा असतो, नाहीतर तो आजारी आहे असं समजतात. आमच्या घरात हे काम झेलिपा करायची. ती गेल्यापासून ते माझ्याकडे आलं आहे. सांभाळून घ्यावं.)

माझी प्रकृती बरी आहे. मक्याच्या पिठाची न्शिमा माझा मीच शिजवतो. ती कधी पातळ होते, कधी अशी घट्ट की पळी उभी राहते. शेजारणी कालवण आणून देतात आणि मी काही बोलत नाही म्हणून दुःख फार खोल गेलंय असं आपसात म्हणतात. मी लग्नातही बोललो नव्हतो, हे त्यांना ठाऊक नाही. पत्राला खास कारण काही नाही. मला काही हवंही नाही. ऑफिसात एक भानगड झाली ती तुम्हाला कळावी, एवढंच.

आमच्या खात्यात सध्या साऱ्या देशाचा नवा नकाशा चालला आहे. कागदावरचा नाही, संगणकातला. आकाशातून काढलेल्या चित्रावर प्रत्येक गाव, ओढा, टेकडी आणि थांब्यावर एक ठिपका ठेवायचा आणि ठिपक्याला नाव द्यायचं. पुढे विजेचे खांब, शाळा, रुग्णवाहिका, सगळं त्या ठिपक्यांवरून ठरणार. माणसं मोबाइल घेऊन गावोगाव फिरतात, आलेली नावं तपासायचं काम माझं. राजधानीतून, लुसाकाहून, नियम आला की गावकरी जे नाव सांगतील ते जसंच्या तसं लिहायचं, आपली अक्कल त्यात घालायची नाही. नियम चांगला होता. फक्त आमच्या भागात त्यांनी कातोंगो नावाच्या माणसाला पाठवलं, आणि तो तुमच्यातला, बेम्बा निघाला.

पहिल्याच गावात बायका मका सोलत बसल्या होत्या. कातोंगोनं तोंड उघडलं तसा त्याचा हेल त्यांनी ओळखला. एकजण म्हणाली, "सरका गं बायांनो, पाहुण्याला शेपटी ठेवायला जागा द्या." त्यानं मुकाट्यानं ओढ्याचं नाव विचारलं. सगळ्यांत म्हातारी होती तिनं चेहरा अगदी सरळ ठेवून सांगितलं, "बेम्बा पाणी प्यायला आला आणि बेडकाला भिऊन पळाला, त्याचा ओढा." कातोंगोनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. नियमच तसा होता. शिवाय थट्टेच्या नात्यात राग धरायचा नसतो, परतफेड करायची असते. पलीकडच्या टेकडीला नावच नव्हतं, ती त्याला चालून आली. तिचं नाव त्यानं लिहिलं, 'एन्गोनी दिसताच उंदीर चढतात ती टेकडी'. पुढच्या गावाला ही बातमी त्याच्या आधी पोचली होती. तिथून माकडाच्या रश्श्याचं डबकं आलं, त्यावर त्यानं उंदीरभाजे बुद्रुक दिलं, आणि असं करत जिल्हा संपला.

(तुम्ही म्हणाल, तपासणारे तुम्ही, तुम्हाला दिसलं नाही का? दिसलं. पण नवीन नावांचा पहिला गठ्ठा आला तेव्हा मी झेलिपाच्या दफनाच्या रजेवर होतो, आणि माझ्या जागी बसवलेल्या गृहस्थांना वाटलं की पूर्वेकडची नावं अशीच असतात; मी परतलो तोवर त्यांनी ती मंजूर करून टाकली होती.)

मग प्रांताच्या मोठ्या सभागृहात नकाशा भिंतीवर दाखवला. लुसाकाचे साहेब होते, टोळीप्रमुखांकडचे वडीलधारे होते आणि बाहेरदेशाहून आलेले एक सल्लागारही होते. सल्लागारांनी माकडाच्या रश्श्याच्या डबक्याकडे बोट दाखवून सांगितलं की इथं पूर्वी दाट जंगल असल्याचा हा मोलाचा पुरावा आहे, यावर अभ्यास व्हायला हवा. मग आमच्या वडीलधाऱ्यांच्या रांगेतून कोणीतरी नाकातून आवाज काढला. दाराशी उभा असलेला पोलीस इन्स्पेक्टर तुमच्यातलाच, त्यानं तिथूनच विचारलं, "काय आजोबा, उंदीर अडकला का घशात?" आणि सभा संपली. म्हणजे लोक बसून होते, पण सभा संपली.

आमच्या प्रमुख श्रीमती मुबियाना लोझी जमातीच्या आहेत. बेम्बा आणि एन्गोनी यांच्या मधलं त्यांना कशाला ठाऊक असेल, म्हणून मी दुसऱ्या दिवशी समजावायला गेलो. त्या म्हणाल्या, "मिस्टर शावा, मला शिकवू नका. आमच्या थट्टेच्या भावांनी, त्या टोंगांनी, माझ्या लग्नात नवरा लपवून ठेवला होता, आणि कोंबडा दिल्याशिवाय सोडला नाही. मला हे नातं चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच ते नकाशावर नको." त्यांनी हुकूम काढला की ज्या नावाला हसू येतं ते नाव काढायचं आणि तिथं नंबर घालायचा.

हुकूम योग्यच आहे. मी कामाला लागलो. डबकं पुसलं, टेकडी पुसली, बेडकाचा ओढा पुसला. त्यानंतर दवाखान्याच्या फाट्यावरचा थांबा आला, 'झेलिपा-अजून-एक'.

तिथं मी थांबलो. नाव हसण्यासारखं आहे, यात शंका नाही. ते कसं पडलं हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? कंडक्टर होतात तेव्हा तुम्ही बसच्या दाराला लोंबकळत यायचात, फाट्यावरच्या तिच्या टेबलावरचे गुलगुले तोंडात भरायचात आणि बस हलली तरी ओरडायचात, "झेलिपा, अजून एक!" ती म्हणायची, "माकडाचे गाल भरलेत कधी?" आणि फेकायची. तुमच्यामागून आलेल्या कंडक्टरांनी तेच ओरडून थांबा सांगायला सुरुवात केली. आता गरोदर बाया दवाखान्याला फोन करतात तेव्हा "झेलिपा-अजून-एकपाशी गाडी पाठवा" असंच सांगतात. नंबर घातला तर त्या काय सांगतील, मला कळत नाही. पण तपासणारा मी आणि नवराही मीच. मी काही बोललो तर वशिला होतो.

म्हणून म्हटलं, आधी नाव खरंच चालतं का ते बघावं. शनिवारी काटेटेच्या बसमध्ये बसलो. कंडक्टरनं विचारलं, "कुठं उतरणार, काका?" आता नाव मीच सांगितलं तर पुरावा कसला? मी म्हटलं, "पुढे." (खरं सांगायचं तर ते नाव मोठ्यानं म्हणायला मला जमलंही नसतं.) फाट्यावर उतरणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे तो ओरडलाच नाही, आणि मी काटेटेला पोचलो. तिथं एक बाटली गार पाणी प्यायलो आणि परतीच्या बसमध्ये बसलो. या वेळी एका बाईला उतरायचं होतं. कंडक्टरनं दारातून मान बाहेर काढली आणि ओरडला, अगदी तुमच्यासारखा, शेवटचं अक्षर लांबवून. मी ऐकत बसलो. बाई उतरली, बोचकं उतरलं, बस निघाली, आणि चिपाटा येईपर्यंत उतरायचं होतं हे माझ्या लक्षात आलं नाही. कंडक्टर म्हणाला, "काका, तुमचं पुढे अजून आलं नाही का?"

तर अशी भानगड. बाकी ठीक. थट्टेच्या भावाच्या हक्कानं तुम्ही पुरण्याच्या दिवशी तिच्या खड्ड्यात उतरून झोपलात आणि कोंबडी कबूल होईपर्यंत उठला नाहीत, त्याची इकडे अजून आठवण काढतात. माझी नक्कल करून खुर्चीवर तोंड मिटून बसलात, त्याचीही. मला ती आवडली होती. तेव्हा सांगायचं राहिलं.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
याकोबे शावा

ता. क. — काही हवं नाही असं वर लिहिलं आहे, ते तेवढं खरं नाही. शंकेच्या नावांसाठी श्रीमती मुबियाना पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सुनावणी घेणार आहेत. नाव ठेवायचं असेल तर ते पहिल्यापासून वापरणारा, दुसऱ्या जमातीचा एक साक्षीदार लागतो. असा माणूस मला एकच ठाऊक आहे. बसचं मी बघतो, झोपायला झेलिपाची खाट आहे, जेवणाबद्दल वर लिहिलंच आहे.

आणखी एक ता. क. — सुनावणीत कोणी हसलं तर नाव जाईल, हे त्यांनी आधीच बजावलं आहे. तुम्ही दारातून आत आलात की माणसं हसतात. शक्य असेल तर कोट घालावा.

शेवटचं — साक्षीदार नात्यातला चालत नाही. त्या तुम्हाला विचारतील, हे शावा तुमचे कोण. कोणी नाही म्हणा. ती बाई तुमची कोण, असं विचारलं तर तीही कोणी नाही म्हणा. आयुष्यात तुम्ही इतक्या थट्टा केल्यात, एवढी एक सरळ चेहऱ्यानं करा.